टाके निघाल्यानंतरचे वर्ष

मानवी देहाच्या इतर कोणत्याही अवयवावर आपल्या भाषेने टाकला नसेल इतका भार तिने नाकावर टाकला आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, गर्व झाला की नाक वर होते, नावड दाखवायची तर नाक मुरडावे लागते आणि शरण जायचे तर नाक घासावे लागते. हे सारे वाक्प्रचार आहेत असे समजून आपण ते सहज वापरतो. परंतु एके काळी या देशात नाक खरोखरीच कापले जात असे. युद्धकैद्याचे कापत, चोराचे कापत, आणि संशयी नवरा बायकोचेही कापीत असे. अब्रू आणि अवयव अशा दोन्ही अर्थांनी नाक गमावलेल्या या माणसांना नवे नाक करून देणारे हातही याच देशात होते. त्यांपैकी एका मराठी हाताची कीर्ती पुण्याहून लंडनपर्यंत पोचली. आज ज्याला आपण प्लास्टिक सर्जरी म्हणतो, त्या शास्त्राच्या आधुनिक इतिहासाचे एक पान त्या हाताने लिहिले आहे.

ती हकीकत अशी. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यात १७९२ साली जे युद्ध चालले होते, त्यात इंग्रजी फौजेच्या सामानाच्या गाड्या हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहून ठेवले आहे. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा कारागीर विटा भाजणाऱ्या कुंभारांच्या जातीचा होता, एवढीच नोंद आहे. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हा सारा वृत्तान्त छापून आला.

तो वृत्तान्त शिक्षकाच्या नजरेने वाचला तर त्यात एक गोष्ट ठळक दिसते. कापण्याची कृती थोडक्यात आटोपली आहे. मेणाचा पातळ पत्रा घेऊन उरलेल्या नाकाच्या बुडख्यावर हवे तसे नाक घडवायचे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन भुवयांच्या मध्ये तिची एक पट्टी जोडलेलीच राहू द्यायची, म्हणजे रक्त वाहते राहते. मग ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली उतरवायची आणि बुडख्यावर केलेल्या चिरेत तिच्या कडा बसवायच्या. शस्त्राचे काम येथे संपते. त्यापुढचा वृत्तान्त दिवसांचा आहे. कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाचसहा पट्ट्या एकीवर एक ठेवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. पाचसहा दिवस रुग्णाने उताणेच निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापायची आणि नाकाला शेवटचा आकार द्यायचा. वेल्सने काढलेले प्रसिद्ध चित्रही शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेले आहे. नाक कसे झाले हे जगाला दाखवायला दहा महिने थांबावे लागले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण या लेखाचे सारे सार तिच्यात आहे.

पुढे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने या पद्धतीचा अभ्यास केला, प्रेतांवर हात बसवला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्याला याच रीतीने नवे नाक करून दिले. १८१६ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि ‘हिंदी पद्धत’ युरोपात सर्वत्र रूढ झाली. ‘प्लास्टिक’ हा शब्दही ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ ‘घडवणे, आकार देणे’ असा आहे. बादल्या आणि पिशव्या ज्याच्या होतात त्या पदार्थाशी या शस्त्रक्रियेचा काहीएक संबंध नाही. ‘तोंडात प्लास्टिक भरतात’ अशी समजूत आमच्या भागात अजून ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मातीला आकार देणाऱ्या कुंभाराच्या जातीत जन्मलेल्या माणसाकडून जगाने ‘घडवण्याची’ ही शस्त्रविद्या घ्यावी, यातले औचित्य वाचकांना सांगायला नकोच.

या विद्येचे मूळ याहूनही फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कानाची तुटलेली पाळी जोडण्याचे प्रकार आणि गालाची कातडी घेऊन नाक सांधण्याची रीत दिली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, तेवढी कातडी गालावरून सोडवावी, श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात, ज्येष्ठमधासारख्या औषधांचे चूर्ण भुरभुरावे, वर पांढरा कापूस ठेवून त्यावर तिळाचे तेल शिंपीत राहावे, असा तो विधी आहे. विशेष हे की कान सांधल्यानंतर काय टाळावे तेही ग्रंथकाराने सांगून ठेवले आहे. सांध्याला धक्का लावू नये, दिवसा झोपू नये, व्यायाम करू नये, अति जेवू नये, विस्तवाच्या झळेपाशी बसू नये आणि फार बोलूही नये. आजच्या इस्पितळातून मिळणाऱ्या सूचनांच्या कागदाशी ही यादी ताडून पाहावी. निम्म्याहून अधिक कलमे जुळतील.

आपण मध्य प्रदेशात राहणारे मराठी लोक. आपल्याला या इतिहासाचा आणखी एक धागा घराजवळ सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंदूरच्या रेसिडेन्सीत कीगन नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी याच हिंदी पद्धतीत सुधारणा केली. नव्या नाकाला आतूनही कातडीचे अस्तर मिळावे, म्हणजे ते पुढे आक्रसणार नाही, अशी ती युक्ती होती. १९०० साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या रुग्णांत नवऱ्याने संशयावरून नाक कापलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली या शाखेचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातला तो पहिला मानला जातो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे दुरुस्त करण्यात आयुष्य वेचले. तेव्हा ‘ही श्रीमंतांची चैन आहे’ असे म्हणून जे लोक नाक मुरडतात, त्यांनी या शास्त्राच्या दारात प्रथम कोण उभे होते ते पाहावे. तेथे गाडीवान होता, टाकलेल्या बायका होत्या, कुष्ठरोगी होते.

आता इतिहास पुरे, घराकडे येऊ. मी वैद्य नव्हे. परंतु तुकईथडसारख्या गावात सरकारी शाळेच्या हेडमास्तराकडे सर्व प्रकारचे कागद वाचायला येतात. त्यांत इस्पितळातून सुटी मिळताना हाती पडणारा कागदही असतो. तो इंग्रजीत, फार तर हिंदीत, आणि घाईच्या अक्षरात लिहिलेला असतो. घरात बोलली जाते मराठी. शहरातल्या डॉक्टरांनी तीन तास उभे राहून केलेले काम पुढे तीन महिन्यांत टिकायचे की वाया जायचे, हे पुष्कळदा या कागदावर अवलंबून असते, असे मी पाहत आलो आहे.

आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी होती. लहानपणी चुलीशी भाजून तिची हनुवटी गळ्याकडे ओढली गेली होती. मान वर करून फळा पाहणे तिला जमत नसे. शहराच्या इस्पितळात आवळलेली कातडी मोकळी करून मांडीची पातळ कातडी गळ्यावर बसवली गेली. मुलगी परतली तेव्हा तिची मान सरळ होती. गळ्याला दिवसरात्र बांधायचा एक पट्टा दिला होता. महिन्याभराने घरात लग्न निघाले. पाहुण्यांसमोर तो पट्टा बरा दिसेना, उन्हाळ्याने अंगही खाजू लागले, तेव्हा तो काढून फडताळात ठेवला गेला. पावसाळा सरता सरता हनुवटी पुन्हा खाली आली. बसवलेली कातडी अनेक महिने आक्रसत असते आणि तिला ताणून धरणारा पट्टा हाही शस्त्रक्रियेचाच भाग असतो, हे त्या घराला कोणी समजावून सांगितले नव्हते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मुलीच्या आजीने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, “मास्तर, डाक्टरानं त्याचं काम केलं, आता आपलं.” भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री ती एक फुली मारीत असे. या खेपेस मान टिकली.

आजीच्या त्या एका वाक्यात जे आहे तेच मला या लेखात सांगायचे आहे. रूप सुधारणारी शस्त्रक्रिया, मग ती भाजल्याच्या व्रणाची असो, फाटलेल्या कानाच्या पाळीची असो की हौसेने करून घेतलेल्या नाकाची असो, ती टेबलावर काही तासांत होते. पण ती पुरी होते घरात, आणि तिला वर्ष लागते. त्या वर्षात काय काय पुढे येते ते ठाऊक असले तर भीती कमी होते आणि चुकाही टळतात.

शस्त्रक्रियेच्या आधीची गोष्ट प्रथम. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सोडवून बसवलेल्या कातडीच्या कडा काळ्या पडून मरण्याचा धोका वाढतो. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि तितकेच नंतर ती बंद करावी लागते. बिडी, गुटखा यांची नावे डॉक्टर घेतात. आपल्याकडच्या कित्येक बायका दातांना मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. ती तंबाखूच आहे, सांगून टाकावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, रक्तदाब आणि चालू असलेली जडीबुटी यांपैकी काहीही लपवू नये. जुना व्रण गाठीसारखा फुगण्याची प्रवृत्ती असेल तर तीही सांगावी, कारण नवा व्रणही तसाच फुगू शकतो. छायाचित्रे काढतात त्याचा संकोच नसावा; पुढे तुलना करायला तोच एक पुरावा असतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशीपोटी राहायला सांगतात ते धर्मकृत्य म्हणून नव्हे. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. ‘घोटभर चहाने काय होते’ हा विचार येथे घातक आहे. दुधाचा चहा हे अन्नच आहे. काम लहान असेल तर तेवढीच जागा बधिर करतात. माणूस जागा असतो, ओढल्यासारखे, दाबल्यासारखे जाणवते, परंतु दुखत नाही. काम मोठे असेल तर संपूर्ण भूल देतात. जाग येते तेव्हा घसा खवखवतो, मळमळते, थंडी वाजते. जखमेतून निघालेली एखादी नळी दिसली म्हणून घाबरू नये. आत साचणारे रक्त व पाणी बाहेर यावे म्हणून ती ठेवलेली असते.

यानंतरचे दोनतीन दिवस सर्वांत वाईट दिसतात, आणि घरचे लोक नेमके याच दिवसांत ‘बिघडले’ असा निकाल देऊन मोकळे होतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. नाकाचे काम असेल तर डोळ्यांखाली काळेनिळे होते आणि तो रंग गालांवर उतरतो. उशा उंच ठेवून निजावे, खाली वाकू नये, ओझे उचलू नये. ठळक सूज आणि काळेनिळेपणा दोनेक आठवड्यांत ओसरतो. पण नाकाच्या शेंड्याची बारीक सूज जायला वर्षही लागते. चेहऱ्याचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. कातडी बसवली असेल तर पट्टी बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास प्रथम उघडतात. तोपर्यंत ती सरकू देऊ नये. जेथून कातडी घेतली ती मांडी मूळ जखमेपेक्षा अधिक ठणकते, याची कल्पना आधीच असावी. बसवलेल्या कातडीत स्वतःचे तेल तयार होत नाही, म्हणून जखम पुरती भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने खोबरेल लावीत राहावे लागते. तिचा रंग शेजारच्या कातडीशी तंतोतंत जुळत नाही, हेही मान्य करून चालावे.

खरी परीक्षा त्यापुढे असते. टाके निघाले त्या दिवशी व्रण बारीक रेघेसारखा दिसतो आणि घरात पेढे वाटले जातात. महिन्या-दीड महिन्याने तोच व्रण लाल, कठीण आणि उठलेला दिसू लागतो, खाजतो, आणि मग डॉक्टरला बोल लावला जातो. वस्तुतः जखम भरण्याचा तो नेहमीचा क्रम आहे. व्रण आधी लालसर व घट्ट होतो, नंतर सावकाश फिकट व मऊ पडतो. त्याला वर्ष, क्वचित दीड वर्ष लागते. या काळात ऊन लागले तर तो काळवंडतो. पदराची किंवा टोपीची सावली हे त्याचे साधे औषध आहे. जवळपासची जागा बधिर वाटते, मुंग्या येतात; तेही बहुधा हळूहळू निवळते. ओल्या जखमेवर हळद, चुना, राख, कोणा शेजारणीचा लेप यांपैकी काहीच नको.

तथापि धीर आणि दुर्लक्ष यांत फरक आहे. वेदना उतरण्याऐवजी चढू लागली, पू किंवा दुर्गंधी आली, ताप भरला, बसवलेली कातडी निळीकाळी पडू लागली, एकच बाजू एकाएकी फुगली, रक्त थांबेना, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. आमच्यासारख्या आडवळणाच्या गावांनी येण्याजाण्याची सोय शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावी.

एका प्रश्नाविषयी विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते. फाटक्या ओठाचे मूल जन्मले की आईला विचारतात, “ग्रहणात विळी धरली होतीस का?” तिच्यावर ठेवलेला हा आरोप निराधार आहे. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत, ओठ आणि टाळू जुळण्याच्या वेळी ते जुळायचे राहतात. त्याला आनुवंशिक व इतर कारणे असतात, ग्रहणाचा त्यात काही भाग नाही. ओठाची शस्त्रक्रिया मूल साधारण तीन महिन्यांचे, पुरेशा वजनाचे झाले की करता येते. टाळूची साधारण नवव्या ते अठराव्या महिन्यांत. टाळू फाटली असेल तर दूध पाजण्याची रीत शिकून घ्यावी लागते आणि पुढे उच्चारांचा सराव करून घ्यावा लागतो. शिक्षक म्हणून सांगतो, तो सराव टाळला तर शिवलेला ओठ असूनही मूल वर्गात तोंड उघडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी आरोग्य केंद्रात विचारले तर विनामूल्य उपचाराची वाट मिळते.

राहता राहिली हौसेची शस्त्रक्रिया. लग्न ठरण्यापूर्वी नाक सरळ करून घेणारी मुलगी आणि टक्कल झाकण्यासाठी केस लावून घेणारा मुलगा आता आपल्याही घरांत आहेत. त्यांना हसू नये. आपल्या रूपाने मनुष्य किती दुःखी होतो हे दुसऱ्याला मोजता येत नाही. परंतु त्यांनी घाई करू नये. लग्नाच्या तिथीआधी महिनाभर नाक करून घेणे म्हणजे सुजलेल्या चेहऱ्याने बोहल्यावर चढणे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळतात आणि तीनचार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात. पुरता परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने जातात. जाहिरातीतल्या दोन चित्रांच्या मधला हा काळ जाहिरातीत कोठेच दिसत नाही. करणाऱ्याची पदवीही विचारावी. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. झालेला तज्ज्ञ असावा. केशरोपण हे कोणीही चित्रफिती पाहून शिकण्याचे काम नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढून सांगावे लागले, यावरून काय ते समजावे. पदवी विचारल्याने चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे मला हवे आहे, की मला पाहायला येणाऱ्यांना? दुसऱ्याच्या नजरेसाठी बदललेले रूप त्या नजरेला पुन्हा अपुरे वाटू शकते.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. पहिल्या आठवड्यात पुष्कळ रुग्ण उदास होतात. ‘उगीच केले’ असे त्यांना वाटते. सूज, अंगावरची औषधे आणि आरशातले अनोळखी तोंड यांचा तो परिणाम असतो आणि बहुधा तो ओसरतो. त्या दिवसांत भेटीला आलेल्या मावशी-आत्यांनी चेहऱ्याची परीक्षा करू नये. ‘आधीच बरे दिसत होते’ आणि ‘काही फरक वाटत नाही’ ही दोन वाक्ये घरात कोणी उच्चारू नयेत. त्याऐवजी घरातल्या एका जबाबदार माणसाने सुटीचा कागद आपल्या भाषेत लिहून घ्यावा आणि त्यातल्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडाव्यात. पट्टी केव्हा उघडायची, टाके केव्हा निघायचे, पट्टा केव्हापर्यंत बांधायचा, पुन्हा केव्हा दाखवायचे, हे सारे त्यात यावे. आणि त्याच तारखेवर, पुढल्या वर्षीच्या कॅलेंडरवर, एक नोंद करून ठेवावी: ‘आज निकाल पाहायचा.’ तोपर्यंत निकाल देण्याचा अधिकार घरातल्या कोणालाही नाही.